ऊन भरपूर, माती काळी: बारमाही फुलझाडं कोणती लावू?

पोहे_जिरावण | ४ मार्च

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, सुदामा नगर. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून बारा फूट लांब आणि चार फूट रुंद क्यारी आहे. अकराच्या सुमारास ऊन येतं ते मावळेपर्यंत हटत नाही. दरवर्षी दिवाळीनंतर पिटुनिया, झेंडू, डायन्थसची रोपं आणते, एप्रिल लागला की सगळं वाळून खडंग. पुन्हा खड्डे, पुन्हा रोपं. कंटाळा आला.

म्हणून मागच्या जुलैत नर्सरीतून एकदम 'बारमाही' झाडं आणली. भैया म्हणाला, "भाभीजी, सब बारहमासी है, लगाओ और भूल जाओ." लावली. विसरले मात्र नाही, रोज पाणी घातलं. सदाफुली सप्टेंबरात काळी पडून गेली, एक्झोरा पिवळा, जास्वंद दुपारी मान टाकते. शेवंती तेवढी दणदणीत वाढली, पण डिसेंबर संपला तरी कळी नाही, नुसता पाला.

सासूबाईंना पूजेला रोज चार फुलं हवीत, एवढीच माफक अपेक्षा. काय लावू?

उगाच_एक | ४ मार्च

प्लास्टिकची. बारमाही, पाणी नको, धुता येतात.

(गंमत केली हो वहिनी. जाणकार येतीलच. मी आपला वाचायला बसलोय.)

कुंडीतला_माळी | ४ मार्च

क्यारी म्हणजे वाफा ना? आम्हा पुणेकरांना जरा अडखळायला झालं.

सात तास ऊन असेल तर चंगळ आहे तुमची. आमच्या बाल्कनीत दोन तास येतं, त्यातले दीड तास समोरच्या इमारतीचा पडदा खातो. बोगनवेल, निळा प्लंबॅगो, पेंटास, टर्नेरा, लँटाना, काहीही लावा. लॅव्हेंडरसुद्धा बघा, उन्हाचंच झाड आहे.

पोहे_जिरावण | ४ मार्च

हो, वाफाच. पण आमच्यात चार पिढ्या क्यारीच म्हणतात. आता वाफा म्हटलं तर घरात कोणाला कळायचं नाही, चहाची वाफ समजतील.

काळी_माती | ५ मार्च

वहिनी, आधी शब्दाचा घोळ काढू, कारण निम्मे पैसे तिथेच जातात. झाड बहुवर्षायू असणं म्हणजे ते पुष्कळ वर्षं जगतं. बारमाही फुलणं ही निराळी गोष्ट. शेवंती बहुवर्षायू आहे, पण फुलते थंडीत. मोगरा तीस वर्षं जगेल, फुलं द्यायची ती मार्च ते जून, पुढे एखाददुसरं. नर्सरीवाला खोटं बोलला नाही, त्याने फक्त दोन्ही अर्थ एका पिशवीत घालून विकले.

वर्षभर फुलं हवी असतील तर एक झाड शोधू नका, पाळ्या लावा. पण त्याआधी एक काम. खुरपं घ्या आणि क्यारीत जास्वंदीपासून हातभर अंतरावर वीतभर खोल खणा. वरची माती कशी आहे, चार बोटं खाली कशी आहे, हाताने दाबून सांगा. मग तिथेच फूटभर खड्डा करून पाण्याने भरा. जिरलं की दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. नावं नंतर.

पोहे_जिरावण | ७ मार्च

केलं. लिहायला लाज वाटतेय.

वर दोन बोटं माती कोरडी, भेगा पडलेली. मी तीच बघून पाणी घालत होते. चार बोटं खाली खुरपं गेलं आणि अडकलं. ओढलं तर पात्याला काळा गोळा चिकटून आला, बोटाने पुसला तर निघेना, काडीने खरवडावा लागला. मुठीत दाबला तर मऊ लाडू झाला आणि बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले. वास गटारासारखा. जास्वंदीचं एक मूळ दिसलं, चिमटीत धरलं तर साल सुटून हातात आली.

आणखी एक. भिंतीकडच्या बाजूला खणताना विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, एक अख्खी चुन्याची ढेप. आठ वर्षांपूर्वी बांधकाम झालं तेव्हाचा सगळा मलबा मिस्त्रीने क्यारीत पुरून वर माती पसरलेली दिसते.

दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळी सहाचं. सकाळी सातला बघितलं, अजून चार बोटं उभं होतं.

काळी_माती | ७ मार्च

लाज कसली, इंदुरात दर दुसऱ्या घरी हेच आहे. झाडं तहानेने नाही, बुडून मेली. मूळ कुजलं की ते पाणी ओढू शकत नाही, म्हणून दुपारी पान लोंबतं. आपण समजतो तहान, आणखी एक बादली ओततो.

माळव्याची काळी माती म्हणजे बारीक चिकण. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून फाटते. पाणी धरते म्हणून गहू-हरभऱ्याला सोन्यासारखी. ज्या मुळांना हवा लागते त्यांना मात्र ती जुलै-ऑगस्टमध्ये फास बसवते. त्यात ती मुळातच थोडी अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट अंगाची, आणि तुमच्याकडे वरून चुना. एक्झोराला आंबट माती लागते, तो पिवळा पडणार नाही तर काय.

आत्ता काही लावू नका. एप्रिल-मे क्यारीच तयार करा. भिंतीपासून फूटभर जागा मोकळी सोडा. ती पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते आणि मलबाही तिथेच आहे. मलबा निघेल तेवढा काढा. बाकी जागेत कडेला विटा लावून क्यारी जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच करा. भर घालताना निम्मी जुनीच काळी माती (गोटे फोडून), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाड मुरूम.

खताचं बाहेरून आणू नका, घरी करा. अख्ख्या जगात कंपोस्टच्या एका पद्धतीला आपल्या गावाचं नाव आहे आणि आपण पिशवीतलं खत विकत आणतो! इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, ज्या आवारात पुढे कृषी महाविद्यालय झालं तिथे. 'इंदूर पद्धत' त्यांनी इथेच बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे, हे आपल्या मंडळींना ठाऊक नसतं. पद्धत साधी आहे. पालापाचोळा आणि काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर माती आणि राख, असे थर. ओलसर ठेवायचं, थबथबीत नाही. दोन-तीनदा पलटी मारायची. तीन महिन्यांत तयार. आज सुरू केलंत तर जूनला हातात येईल.

कुंडीतला_माळी | ८ मार्च

एवढा खटाटोप कशाला? चार तगाऱ्या वाळू मिसळली की निचरा होतो.

काळी_माती | ८ मार्च

कुंडीत होतो. चिकणमातीत थोडी बारीक वाळू घातली की वाळूचे कण चिकणात रुतून बसतात आणि उन्हाळ्यात वीट तयार होते. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागेल. मग ती क्यारी राहत नाही, नदीकाठ होतो.

रामबागकर | ९ मार्च

काकांच्या अभ्यासापुढे बोलू नये, पण बोलतो. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी आजीने ना माती बदलली ना विटा लावल्या. तिच्या अंगणात जी झाडं होती ती चाळीस वर्षं होती. माती बदलण्यापेक्षा मातीला रुचेल ते लावा, हा सोपा मार्ग नाही का?

आठवतं ते लिहितो. दाराशी तगर, दोन्ही प्रकारची. देवाची फुलं त्यावरच चालायची, भर उन्हाळ्यातसुद्धा पाच-सहा तरी निघायची. नळाच्या मोरीपाशी कर्दळ, लाल आणि पिवळी, सांडपाण्यावर माजलेली. कुंपणाला कोरांटी, तिला कधी कोणी पाणी घातल्याचं आठवत नाही. दिवाळीच्या पुढेमागे फुलायची. गुलबक्षी तर लावलीच नव्हती, आपोआप यायची. जमिनीत गाजरासारखी जाड मुळी राहते, उन्हाळ्यात वरचं मेलं तरी पावसात पुन्हा उभी. संध्याकाळी चारच्या चहाला फुलं उघडायची, आम्ही देठ न तोडता त्यांच्या वेण्या करायचो. आणि मधोमध कुंद, पौष-माघात पांढराशुभ्र.

कण्हेरही होती, पण कुंपणाबाहेर. ती सगळीच्या सगळी विषारी, अगदी छाटलेल्या काड्यासुद्धा जाळायच्या नाहीत असा आजीचा दंडक. घरात लहान मूल असेल तर विचार करून लावा.

निशिगंधा_बडोदा | ९ मार्च

रामबागकर, वाचून डोळ्यांपुढे आलं हो सगळं.

मी बडोद्याची, आमच्याकडेही काळी मातीच. लॅव्हेंडरचा सल्ला वाचून राहवलं नाही. ऊन सोसतं, खरं आहे, पण पाऊस आणि दमट हवा नाही सोसत. माझी तीन रोपं एका श्रावणात राखाडी होऊन बसली. त्याआधी ऑनलाइन ट्यूलिपचे कंद मागवले होते, फोटोत निळे! ट्यूलिपला फुलायच्या आधी काही आठवडे कडाक्याची थंडी लागते. आमच्याकडे जानेवारीत स्वेटर घालावा की नाही यावर वाद. सहा कंद, दोन पानं, शून्य फुलं. नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

कंदच हवेत तर निशिगंध लावा (नावाला जागून सांगते). रेन लिली लावा, पहिला दमदार पाऊस झाला की चार-पाच दिवसांत कडेची ओळ गुलाबी होते. डे लिलीही जड मातीत तगते. एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर कळ्या रांगेत उभ्या असतात.

मोगऱ्याची एक युक्ती. जानेवारीत दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की निम्म्यावर छाटायचा, बुंध्याशी खत, मग भरपूर पाणी. मार्चअखेर बघा. पाणी तोडताना जीव तुटतो, पण लाडावलेला मोगरा नुसता पाला देतो.

काळी_माती | १० मार्च

रामबागकरांचं म्हणणं मान्य, पण एक हरकत. आजींच्या अंगणात चाळीस वर्षांचा पालापाचोळा कुजलेला होता आणि वाडा चुन्याचा असला तरी मलबा मधोमध पुरलेला नव्हता. वहिनींकडे ती सुरुवातच नाही. तेव्हा दोन्ही करू. क्यारी एकदा उंच करू आणि लावू आजींचीच झाडं.

पोहे_जिरावण | १० मार्च

ठरलं. बाबांनी (सासरे) कालच मागच्या दारी खड्डा आखला. इंदूर पद्धतीला वाड नावाचे गृहस्थ होते हे वाचून त्यांना भलताच चेव आलाय.

दोन शंका राहिल्या. एक, कोपऱ्यातला कलमी गुलाब पहिली दोन वर्षं गडद लाल टपोरा होता. आता लांबलचक फांद्या आणि फिकट गुलाबी बारीक झुबके येतात. रंग कसा बदलला? दोन, शेवंती का फुलली नाही?

काळी_माती | ११ मार्च

रंग बदलला नाही, झाड बदललं. कलमाचा जोड बघा, बुंध्याशी गाठ असते. तिच्या खालून फुटलेली फांदी खुंटाची (ज्या झाडावर कलम बांधतात त्याची), म्हणजे जंगली. ती जोमदार असते, सगळं अन्न खाते आणि वरचं कलम उपाशी मरतं. सात पानांची ती जंगली, हा नियम धरू नका, कलमी जातींनाही सात येतात. माती बाजूला करून फांदी कुठून निघते ते बघा आणि तिथूनच खाली ओढून उपटा. कात्रीने कापली तर तिथून चार फुटतील. गाठीच्या वर काही जिवंत असेल तर गुलाब वाचेल.

शेवंतीसाठी आधी सांगा, शेंडे कधीपर्यंत खुडलेत? आणि क्यारीजवळ रात्री दिवा असतो का?

पोहे_जिरावण | ११ मार्च

गुलाबात गाठीच्या वर एक काळी काडी आहे, जिवंत वाटत नाही. खुंटाचीच सेवा केली म्हणायची दोन वर्षं.

शेंडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खुडले. दिवा म्हणाल तर कंपाउंडबाहेरच खांब आहे. मागच्या वर्षी पांढरा एलईडी लावला, आता क्यारीत रात्री सुई ओवता येते. का हो?

काळी_माती | १२ मार्च

सापडलं. शेवंती रात्र मोजते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा, डिसेंबरात पावणेअकराचा. रात्री लांबल्या की ती कळी धरते. तुमच्या क्यारीत मागच्या वर्षीपासून रात्र झालेलीच नाही. फुलांचे शेतकरी बहार पुढे ढकलायला शेवंतीच्या शेतात मुद्दाम रात्री दिवे लावतात, तुम्हाला ते फुकटात मिळालंय.

आत्ता काशा (बुंध्याजवळचे मुळासकट फुटवे) सुट्या करून कुंड्यांत जगवा. पावसात क्यारीत लावा, शेंडे १५ ऑगस्टनंतर खुडू नका. सप्टेंबरअखेर सांगतो काय करायचं ते.

उगाच_एक | १२ मार्च

म्हणजे शेवंतीलाही झोपताना दिवा चालत नाही. आमच्या घरातलं भांडण हेच आहे.

पोहे_जिरावण | २ जुलै

धागा वर काढते. तीन दमदार पाऊस झाल्यावर लावणी झाली. क्यारी दहा इंच उंच केली. मलब्याच्या एकवीस तगाऱ्या निघाल्या, त्यात मिस्त्रीची एक थापीसुद्धा.

मागे दोन तगरी आणि एक हॅमेलिया (ही माझी हौस, शिंजीर पक्षी येतात म्हणून). मध्ये देशी लाल जास्वंद, मोगरा, कुंद. पुढे शेवंतीच्या सहा काशा आणि निशिगंध, कडेला रेन लिली. कर्दळ क्यारीत नाहीच, नळापाशी खाली लावली, रामबागकरांच्या आजींसारखी. कंपोस्ट झालं, पण बाबांनी पलटी मारायचा कंटाळा केला म्हणून निम्मं कच्चं आहे, ते बाजूला ठेवलं.

एक्झोराला कुंडीत हलवलं. बघू.

काळी_माती | ३ जुलै

छान. कच्चं घातलं नाहीत हे बरं केलंत, ते कुजताना झाडाचाच नत्र खातं. एक्झोराची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आपल्या मातीत हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकून उपयोग नाही, त्यातलं लोह दोन दिवसांत मातीत बांधलं जातं. कुंडीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मातीत बांधलं न जाणारं) लोह द्या. जुनी खालची पानं पिवळी असतील तर गोष्ट वेगळी.

पोहे_जिरावण | २६ ऑगस्ट

आठ दिवस झड होती, क्यारीत पाणी उभं राहिलं नाही! मोगऱ्याचं एक रोप गेलं, ते बहुधा माझ्याच हातून, लावताना मुळांचा गोळा फुटला होता. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय. मुंग्याही चढतात.

निशिगंधा_बडोदा | २६ ऑगस्ट

मुंग्या त्याला पाळतात, गोड चिकटा खातात. आधी जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने खरवडून काढा. मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, संध्याकाळी उघडीप बघून पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा. फार भरलेला शेंडा सरळ कापून टाका, कंपोस्टात नको.

काळी_माती | २८ सप्टेंबर

वहिनी, शेवंती. खांबाचा उजेड अडवायचा, बाकी काही नाही. अंधार पडताना झाकायचं, सकाळी काढायचं, मटाराएवढ्या कळ्या दिसेपर्यंत. प्रयोग म्हणून निम्मीच झाका.

पोहे_जिरावण | ९ ऑक्टोबर

तीन झाडांवर रोज संध्याकाळी बाबांची मोठी काळी छत्री बांबूला बांधून उघडते. शेजारच्या काकूंनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "पाऊस तर गेला ना गं?" मी म्हटलं, शेवंतीला झोप लागत नाही. त्या काही न बोलता आत गेल्या.

उगाच_एक | ९ ऑक्टोबर

अंगाईसुद्धा म्हणा. फोटो टाका.

पोहे_जिरावण | १४ डिसेंबर

फोटो टाकलाय. छत्रीखालच्या तिन्ही झाडांवर मिळून मी एकशे दहापर्यंत मोजली, पुढे कंटाळले. पिवळी, बटणासारखी. दोन हातांवर, त्याच मातीत, त्याच दिवशी लावलेली बाकीची तीन नुसती हिरवीगार उभी आहेत, एकावर कशाबशा दोन कळ्या. सासूबाई रोज सकाळी परडी घेऊन त्या दोन कळ्यांना आधी बघतात, मग इकडे येतात.

तगर चालू आहे. कुंदाला टोकं दिसताहेत. एक्झोराची नवी पानं हिरवी आली, फूल नाही. गुलाब गेलाच.

रामबागकर | १४ डिसेंबर

वा! फेब्रुवारीत काशा काढाल तेव्हा चार माझ्यासाठी ठेवा. बदल्यात कोरांटी देतो. आमच्या गल्लीतही तसाच दिवा लागलाय, आता छत्री शोधतो.

पोहे_जिरावण | १५ डिसेंबर

काशा नक्की. छत्रीचं मात्र बघा, आज पहाटेपासून मावठा लागलाय आणि बाबा दूध आणायला टॉवेल डोक्यावर घेऊन गेलेत.